बाहेरचा व्हिडिओ एन्कोडर एफएफएमपेगमध्ये जोडताना

एफएफएमपेग या व्हिडिओ-ऑडिओ बदलणाऱ्या मुक्त प्रोग्रामला एच.२६४ हा व्हिडिओ फॉरमॅट वाचता येतो, पण स्वतःच्या बळावर लिहिता येत नाही. आपण सगळेच त्यातून एमपी४ फाइली काढत असल्यामुळे हे पटकन खरं वाटत नाही. डीकोडर, म्हणजे वाचणारा भाग, त्याचा स्वतःचा आहे. लिहिणारा सॉफ्टवेअर एन्कोडर मात्र व्हिडिओलॅनच्या एक्स२६४ या वेगळ्या लायब्ररीतून येतो. एच.२६५ साठी तसाच एक्स२६५ आहे, एव्ही१ साठी लिबएओएम किंवा एसव्हीटी-एव्ही१, आणि व्हीव्हीसीसाठी फ्राउनहोफरची व्हीव्हीएन्क. या प्रत्येकीच्या आणि एफएफएमपेगच्या मध्ये लिबएव्हीकोडेक फोल्डरमधली एक सी फाइल बसलेली असते. तिलाच रॅपर म्हणतात.

हा लेख असं रॅपर पहिल्यांदाच लिहायला घेणाऱ्यांसाठी आहे. सी भाषा येत असावी, पॉइंटरची भीती गेलेली असावी आणि लिनक्सच्या टर्मिनलवर हात बसलेला असावा, एवढं पुरे. व्हिडिओ कॉम्प्रेशनचं गणित यायची गरज नाही, ते लायब्ररीचं काम. फाइलींची, पर्यायांची आणि फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत; टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत करायची.

सुरुवातीलाच सांगतो, कंपाइल होणं हा या कामातला सोपा भाग आहे. दोन प्रकल्प दोन वेगळ्या गटांनी लिहिलेले असतात आणि दोघांनीही काही गोष्टी मनाशी गृहीत धरलेल्या असतात: बिटरेट सांगितला नाही तर काय करायचं, वेळ कशात मोजायची, मेमरी कोणी मोकळी करायची. रॅपरमधले बहुतेक बग या गृहीतकांच्या फटीतच राहतात. म्हणून पुढे कोडपेक्षा त्यांच्यावरच जास्त वेळ घालवणार आहे.

कोणती लायब्ररी घ्यायची

पहिल्या खेपेला असा एन्कोडर घ्या, ज्याचा फॉरमॅट एफएफएमपेग आधीपासून ओळखतं. फॉरमॅटच नवा असेल तर रॅपर हा कामाचा लहान तुकडा ठरतो. कोडेकचा नवा आयडी, त्याचं वर्णन, पार्सर, एमपी४ आणि एमकेव्हीमध्ये तो कसा लिहायचा, हे सगळंच अंगावर येतं. नवख्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

आपण उदाहरणाला एसव्हीटी-एव्ही१ घेऊ. इंटेल आणि नेटफ्लिक्सने मिळून वाढवलेला हा एन्कोडर. सुरुवातीची काही वर्षं त्याच्याच सोर्समध्ये एफएफएमपेगसाठीचा पॅच ठेवलेला असे. ज्याला हवा त्याने आपल्या प्रतीवर तो लावून घ्यायचा. २०२१ मध्ये एफएफएमपेग ४.४ आलं आणि रॅपर मूळ कोडमध्ये गेलं. त्याच घरातला एसव्हीटी-एचईव्हीसी (एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५) मात्र पॅचच राहिला, मूळ कोडमध्ये कधी गेला नाही. वापरणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो, कारण बाहेरचा पॅच एफएफएमपेगच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर नव्याने बसवावा लागतो.

सरावाची माझ्या आवडीची पद्धत अशी: सोर्स क्लोन करा, स्वतःची शाखा काढा, तिच्यावरून लिबएसव्हीटीएव्ही१ची फाइल उडवा आणि ती न बघता पुन्हा लिहा. अडलं की गिटच्या इतिहासात जाऊन मूळ फाइल उघडा. सोबत व्हीव्हीएन्कचं रॅपर पहिल्यांदा आलं तो कमिटही काढून वाचा. नवा एन्कोडर जोडताना किती फाइलींना हात लागतो, हे एका नजरेत तिथे दिसतं.

लायब्ररी ठरवण्याआधी तिचा परवाना बघा. एफएफएमपेग मुळात एलजीपीएल २.१ किंवा पुढच्या आवृत्तीखाली आहे. एक्स२६४ आणि एक्स२६५ जीपीएलच्या आहेत, म्हणून जीपीएलचा पर्याय चालू केल्याशिवाय कॉन्फिगर त्या घेतच नाही, तिथल्या तिथे थांबतं. एसव्हीटी-एव्ही१ बीएसडी प्रकारच्या परवान्याखाली आहे, तिला ही अट नाही. काही जोडण्या अशाही असतात की तयार झालेला प्रोग्राम इतरांना वाटताच येत नाही. मग कॉन्फिगर शेवटी परवान्याच्या ओळीत तसं स्पष्ट छापतं. तुमच्या लायब्ररीचं नाव कोणत्या यादीत टाकायचं, हे या परवान्यावरूनच ठरतं.

बिल्डची तयारी

गिट, सी कंपायलर, मेक, सीमेक, पीकेजी-कॉन्फिग आणि नॅझम हा असेंबलर, एवढं आधी बसवून घ्या. नॅझम नसेल तर एक्स८६ मशीनवर कॉन्फिगर अडतं आणि असेंब्ली बंद करून ‘लुळा’ बिल्ड काढायचा पर्याय सुचवतं. तो घेऊ नका, वेगाची तुलना करताना फसाल.

लायब्ररी सिस्टिमच्या फोल्डरमध्ये न टाकता आपल्या होममधल्या एखाद्या वेगळ्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा. सीमेकला इन्स्टॉलचा प्रीफिक्स दिला की झालं. वितरणासोबत आलेली जुनी आवृत्ती आणि तुमची नवी आवृत्ती एकमेकींत मिसळली, तर हेडर एकीचं आणि लायब्ररी दुसरीची असा प्रकार होतो, आणि तो शोधायला फार वेळ जातो. एक्स२६४ने यावर छान तोडगा काढलाय. तिथे एन्कोडर उघडणाऱ्या फंक्शनच्या नावाला मॅक्रो गुपचूप बिल्ड क्रमांक चिकटवतो. हेडर आणि लायब्ररी जुळत नसतील तर लिंकरच नकार देतो. सगळ्याच लायब्ररी इतक्या समजूतदार नसतात.

लायब्ररी बसल्यावर तिची पीसी विस्ताराची छोटी फाइल कुठे पडली ते पाहा. काही वितरणांत ती लिबऐवजी लिब६४ खाली जाते. तो फोल्डर पीकेजी-कॉन्फिगच्या पाथमध्ये घाला, मगच एफएफएमपेगचं कॉन्फिगर चालवा. ‘सापडलं नाही’ असा एरर आला तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. कॉन्फिगर एक चिमुकला प्रोग्राम लिहून तो कंपाइल आणि लिंक करून बघतं. त्यात काहीही बिघडलं तरी बाहेर एकच वाक्य येतं. खरं कारण एफएफबिल्ड फोल्डरमधल्या कॉन्फिग लॉगच्या शेवटच्या काही ओळींत असतं. लायब्ररी सी++ मध्ये लिहिलेली असेल आणि तुम्ही स्टॅटिक जोडत असाल, तर तिथे बहुधा सी++ची मानक लायब्ररी राहून गेलेली दिसेल.

शिकत असताना डॉक्युमेंटेशन बंद ठेवा, ऑप्टिमायझेशनही बंद ठेवा आणि सीकॅश (आधी कंपाइल झालेलं पुन्हा वापरणारं साधन) वापरा. बिल्ड झाल्यावर दोन प्रोग्राम मिळतात. ज्याच्या नावामागे अंडरस्कोर आणि जी आहे, त्यात डीबगची माहिती शाबूत असते. जीडीबी त्याच्यावर चालवायचा.

एकच नाव, चार जागा

आता जोडणी. समजा रॅपरचं नाव लिबएसव्हीटीएव्ही१ आहे. ते पुढच्या ठिकाणी अक्षरशः सारखंच यायला हवं.

कॉन्फिगर स्क्रिप्टमध्ये तीन नोंदी होतात: मदतीच्या मजकुरात एक ओळ, परवान्यानुसार बाहेरच्या लायब्ररींच्या योग्य यादीत नाव, आणि या नावाचा एन्कोडर या लायब्ररीवर अवलंबून आहे असं सांगणारी ओळ. चौथी ओळ खाली, तपासण्यांच्या भागात: पीकेजी-कॉन्फिगमधलं नाव, किमान आवृत्ती, हेडर आणि लायब्ररीतलं कोणतंही एक फंक्शन. किमान आवृत्ती विचार करून लिहा. तुमच्या मशीनवर आहे तीच लिहिलीत तर जुन्या वितरणावरचे लोक उगाच बाहेर पडतात.

लिबएव्हीकोडेकच्या मेकफाइलमध्ये एक ओळ: हा एन्कोडर चालू असेल तर ही ऑब्जेक्ट फाइल घ्या. ऑलकोडेक्स फाइलमध्ये एक एक्सटर्न घोषणा. कॉन्फिगर हीच फाइल वाचून एन्कोडरांची यादी तयार करतं. म्हणून इथली ओळ त्याच साच्यात असावी लागते, मध्ये स्वतःची शोभा नको. ती कुठे टाकता यालाही अर्थ आहे: एकाच फॉरमॅटचे अनेक एन्कोडर असतील आणि वापरणाऱ्याने नाव दिलं नसेल, तर यादीत जो आधी तो निवडला जातो. आपला एन्कोडर वरच्या जागी ढकलायचा मोह आवरा. तपासणारे ते लगेच पकडतात.

चौथी जागा म्हणजे खुद्द रॅपरची सी फाइल.

रॅपरच्या आत

फाइलच्या तळाशी एफएफकोडेक नावाचं स्ट्रक्चर भरायचं असतं. ते नोंदणीपत्रक आहे: नाव, लांब नाव, प्रकार व्हिडिओ, कोडेकचा आयडी, तुमच्या खाजगी स्ट्रक्चरचा आकार, आणि सुरू करणारं, फ्रेम हाताळणारं व बंद करणारं अशी तीन फंक्शनं. शिवाय कोणते पिक्सेल फॉरमॅट चालतात त्यांची यादी. एसव्हीटी-एव्ही१ साठी तिथे दोनच आहेत, ८ बिट आणि १० बिटचा ४:२:० (रंगाची माहिती आडवी-उभी निम्मी ठेवणारी मांडणी). जे लायब्ररीला खरंच जमतं तेवढंच लिहा. बाकीचं रूपांतर एफएफएमपेग आपणहून करून देतं.

फ्रेम हाताळायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या पद्धतीत एक फ्रेम आत येते आणि तुम्ही सांगता, पॅकेट (एन्कोड झालेला तुकडा) निघालं की नाही. नव्या पद्धतीत एफएफएमपेग तुमच्याकडे पॅकेट मागतं आणि फ्रेम हवी असेल तर ती तुम्हीच ओढून घेता. लायब्ररी आतून अनेक थ्रेडवर चालत असेल आणि तिच्यातून पॅकेटं तिच्या सवडीने निघत असतील, तर दुसरी पद्धत बरी. एसव्हीटी-एव्ही१चं रॅपर तसंच आहे.

लायब्ररीची बाजू सरळ आहे. आधी हँडल मिळवायचं. त्यासोबत डीफॉल्ट भरलेलं कॉन्फिगचं स्ट्रक्चर येतं. त्यात आपले बदल करून ते परत द्यायचं, मग एन्कोडर सुरू करायचा. त्यानंतर चित्र पाठवा, पॅकेट घ्या, बफर परत करा, असं चक्र. शेवटी दोन टप्प्यांत बंद. सुरू करताना अर्ध्यात काही फसलं तर बंद करणारं फंक्शन तरीही बोलावलं जावं, यासाठी एक अंतर्गत फ्लॅग आहे, तो लावा. मात्र मग बंद करणाऱ्या फंक्शनला अर्धवट भरलेलं स्ट्रक्चर चालायला हवं, म्हणजे प्रत्येक पॉइंटर नल आहे का ते बघायचं.

लायब्ररीचे एरर कोड एफएफएमपेगच्या कोडांत बदलणारा छोटा तक्ता वर लिहून टाका. ‘अज्ञात चूक’ असं सरसकट परत करणारी रॅपरं वापरणाऱ्याला छळतात. मेमरी संपली आणि पर्याय चुकला, या दोन अगदी वेगळ्या बातम्या आहेत.

डीफॉल्टचा सापळा

या भागासाठी तरी लेख वाचाच.

एफएफएमपेगच्या कोडेक कॉन्टेक्स्टमध्ये प्रत्येक पर्यायाला डीफॉल्ट आहे आणि ते डीफॉल्ट एमपेग-४च्या जमान्यातले आहेत. बिटरेट सेकंदाला २०० किलोबिट. दर १२ फ्रेमांनी एक कीफ्रेम, म्हणजे इतर फ्रेमांवर न विसंबणारी पूर्ण फ्रेम. क्वांटायझर, म्हणजे चित्राचे बारकावे किती टाकायचे तो आकडा, २ ते ३१. वापरणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तरी हे आकडे तुमच्या रॅपरच्या हातात पडतात, आणि ते त्याने दिले की आपोआप आले, हे आकड्यांकडे पाहून कळत नाही. तुम्ही ते इमानेइतबारे लायब्ररीला दिलेत, तर १०८०पीचं चित्र २०० किलोबिटमध्ये कोंबलं जाईल, आणि बघणारा म्हणेल की एन्कोडर भिकार आहे.

एक्स२६४च्या लेखकांना याचा इतका ताप झाला की त्यांनी एन्कोडरमध्येच सापळा लावला. कीफ्रेमचं अंतर १२ आहे का, क्वांटायझरची खालची मर्यादा २ आणि वरची ३१ आहे का, अशा खुणा मोजायच्या. त्यातल्या पाच जुळल्या की ‘एफएफएमपेगच्या मोडक्या डीफॉल्ट सेटिंग आढळल्या’ असा संदेश देऊन काम नाकारायचं, आणि प्रीसेट (तयार सेटिंगचा संच) वापरा असं सुचवायचं. एका मुक्त प्रकल्पाने दुसऱ्याला कोडमधून मारलेला हा टोमणा बरीच वर्षं लोकांच्या टर्मिनलवर झळकत होता.

उपाय साधा आहे. एफएफकोडेकमध्ये डीफॉल्टची वेगळी यादी जोडता येते. तिथे बिटरेट ०, कीफ्रेमचं अंतर उणे १, असं जे ‘सांगितलेलंच नाही’ या अर्थाचं मूल्य असेल ते लिहा. मग सुरू करताना प्रत्येक पर्यायाला विचारा: हे खरंच दिलंय का? दिलं असेल तरच लायब्ररीच्या स्ट्रक्चरला हात लावा. नसेल तर तिचं डीफॉल्ट तसंच राहू द्या, ते तिच्या लेखकांनी मोजूनमापून ठरवलेलं असतं. तुमच्या स्वतःच्या पर्यायांनाही, म्हणजे प्रीसेट, सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) वगैरेंना, हाच नियम लावा.

पर्याय किती ठेवायचे? थोडे. लायब्ररीत शंभर असतील म्हणून शंभरच्या शंभर एफएफएमपेगच्या टेबलात आणू नका. लायब्ररीने एखादा काढला की तुमच्याकडे तो मेलेला अवयव होऊन लटकतो. नेहमी लागणारे चार-पाच घ्या आणि बाकीच्यांसाठी एकच खिडकी ठेवा: नाव, बरोबरचं चिन्ह, किंमत, मध्ये विसर्गासारखे दोन टिंब. एक्स२६४, एक्स२६५ आणि एसव्हीटी-एव्ही१ या तिन्ही रॅपरांत अशी खिडकी आहे. त्यातून आलेलं नाव लायब्ररीने ओळखलं नाही, तर गप्प बसू नका, लॉगमध्ये ते नाव छापा.

तिरकं चित्र आणि हरवलेली वेळ

चित्राची ओळ मेमरीत रुंदीएवढीच असते असं धरून चालू नका. १३६६ पिक्सेल रुंदीच्या ८ बिट चित्राची एक ओळ एफएफएमपेगमध्ये १३७६ किंवा १४०८ बाइटांचीही असू शकते, कारण वेगासाठी ती ३२ किंवा ६४च्या पटीत नेलेली असते. हे अंतर लाइनसाइझमध्ये मिळतं. ते सोडून रुंदी दिलीत तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा थोडी सरकते आणि चित्र तिरकं, चिरलेलं दिसतं. गंमत म्हणजे १९२०च्या रुंदीवर हा बग दिसतच नाही, कारण १९२० हा ६४चा पूर्ण पट आहे. म्हणून चाचणी मुद्दाम वाकड्या आकारावर घ्या.

१० बिटला आणखी एक पाचर आहे. लाइनसाइझ बाइटांत असते, आणि एसव्हीटी-एव्ही१ला अंतर हवं असतं नमुन्यांत. एक नमुना दोन बाइटांचा, म्हणजे निम्मं करून द्यायचं. विषम उंचीच्या ४:२:० चित्रात रंगाच्या ओळी मोजताना भागाकार वरच्या अंकाला न्यायचा, हेही लक्षात असू द्या.

आता वेळ. फ्रेमरेट नेहमी अंश आणि छेद अशा दोन आकड्यांत द्या. अमेरिकी टीव्हीचा २९.९७ म्हणजे खरं तर ३०००० भागिले १००१. लायब्ररी स्वतः वेळ मोजत असेल आणि तिला तुम्ही ३० सांगितलंत, तर तासाभराच्या १,०७,८९२ फ्रेमा तिच्या हिशेबाने ३,५९६.४ सेकंदांत संपतात. म्हणजे शेवटाकडे ओठ आणि आवाज यांत साडेतीन सेकंदांहून जास्त फरक. त्यातूनही शहाणपणाचं म्हणजे लायब्ररीला वेळ मोजूच न देणं. फ्रेमवरचा पीटीएस, म्हणजे ती दाखवायची वेळ, आत पाठवायचा आणि पॅकेटवर तोच परत घ्यायचा.

एच.२६४, एच.२६५ आणि व्हीव्हीसीमध्ये बी-फ्रेमा, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या फ्रेमांवरून बांधलेल्या फ्रेमा, आल्या की दिसण्याचा क्रम आणि फाइलीतला क्रम वेगळे होतात. समजा दिसण्याचा क्रम ०, १, २, ३, ४ आहे आणि एन्कोडरने ते ०, ४, २, १, ३ असे बाहेर काढले. डीटीएस, म्हणजे डीकोड करायची वेळ, चढता हवा आणि पीटीएसपेक्षा मोठा होता कामा नये. सुरुवात ० पासून केलीत तर चौथ्या पॅकेटचा डीटीएस ३ होतो आणि पीटीएस १. मक्सर, म्हणजे पॅकेटं फाइलीत मांडणारा भाग, तिथेच ओरडतो. सुरुवात उणे २ पासून केलीत तर उणे २, उणे १, ०, १, २ असे डीटीएस पडतात आणि पाचही पॅकेटांवर अट पाळली जाते. ऋण डीटीएस बघून दचकू नका, तो वैध आहे. बहुतेक लायब्ररी डीटीएस स्वतः काढून देतात; तुम्ही तो ‘दुरुस्त’ करू नका एवढंच. एव्ही१मध्ये न दिसणाऱ्या फ्रेमा पुढच्या दिसणाऱ्या फ्रेमेसोबत एकाच पॅकेटात बांधल्या जातात, त्यामुळे हा ताप तिथे जवळजवळ नाही. पहिल्या रॅपरसाठी एव्ही१ सुचवण्यामागे हेही एक कारण होतं.

शेवटचं पीठ

पिठाच्या गिरणीत दळण संपलं तरी थोडं पीठ आत राहतं आणि गिरणीवाला डबा ठोकून ते काढतो. एन्कोडरचंही तसंच. पुढच्या फ्रेमा बघून निर्णय घ्यायचा म्हणून तो कितीतरी फ्रेमा पोटात धरून बसतो. व्हिडिओ संपला की एफएफएमपेग फ्रेमेच्या जागी नल पाठवतं, पण तेव्हाच, जेव्हा तुम्ही एन्कोडरवर ‘डिले’चा फ्लॅग लावलेला असेल. तो विसरलात तर सगळं नीट चालतं, एररही येत नाही, फक्त व्हिडिओचं शेपूट गायब होतं. दोन तासांच्या चित्रपटात ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. दहा सेकंदांच्या चाचणीत येईल.

नल आलं की एसव्हीटी-एव्ही१ला रिकामं बफर ‘प्रवाह संपला’ या खुणेसह द्यायचं, आणि ते एकदाच. मग पॅकेटं मागत राहायचं. लायब्ररीने शेवटची खूण दिली की आपणही ‘संपलं’ हा कोड परत करायचा. तोवर पॅकेट तयार नसेल तर ‘पुन्हा या’ हा कोड. या दोहोंत गल्लत झाली तर प्रोग्राम एक तर लवकर थांबतो, नाहीतर कधीच थांबत नाही.

फ्रेम कोणाच्या मालकीची, हेही इथेच निकाली काढा. लायब्ररी चित्राची प्रत करून घेत असेल तर प्रश्न नाही. ती फक्त पॉइंटर धरून ठेवत असेल, तर फ्रेमेचा रेफरन्स तुम्ही धरायला हवा आणि लायब्ररीने सोडल्यावरच तो सोडायचा. हेडर फाइलमधल्या टिपा वाचून समाधान झालं नाही तर लायब्ररीचा सोर्स उघडा.

हेडर कुठे ठेवायचा

एमपी४ आणि एमकेव्हीला सीक्वेन्सचा हेडर, म्हणजे डीकोडरला सुरुवातीला लागणारी व्हिडिओची माहिती, फाइलीच्या कपाळावर एकदाच हवा असतो. एमपेग-टीएसला तो प्रवाहातच, वरचेवर. कोणाला काय हवं ते ‘ग्लोबल हेडर’ या फ्लॅगवरून कळतं. फ्लॅग असेल तर सुरू करतानाच लायब्ररीकडून हेडर घेऊन एक्स्ट्राडेटामध्ये ठेवा, आणि त्यामागे ६४ बाइटांची शून्यांची गादी सोडा. वाचणारा कोड सीमेपलीकडे थोडं डोकावतो, म्हणून ती लागते. लायब्ररीचं बफर तसंच पकडून ठेवू नका, प्रत करून मूळ परत द्या.

रंगाची माहिती, म्हणजे प्रायमरी, ट्रान्सफर, मॅट्रिक्स आणि रेंज, हीही इथेच लायब्ररीला द्यायची. राहून गेली तर एचडीआर व्हिडिओ धुतल्यासारखा फिका दिसतो आणि दोष टीव्हीला जातो. लायब्ररी लॉग स्वतःच छापत असेल तर तो एफएफएमपेगच्या लॉगकडे वळवता येतो का बघा. थ्रेडची संख्याही पोचवा.

चाचणी

एफएफएमपेगमध्येच चाचणीचं चित्र तयार करणारा स्रोत आहे, टेस्टएसआरसी२. त्यातून १३६६ बाय ७६८, सेकंदाला २५ फ्रेमा, १० सेकंद असा व्हिडिओ काढा. मग एफएफप्रोबला, म्हणजे एफएफएमपेगसोबत येणाऱ्या फाइल तपासणाऱ्या प्रोग्रामला, फ्रेमा मोजायला लावा. २५० यायलाच हव्यात. २४९ आल्या तरी ‘चालायचंच’ म्हणू नका. त्यानंतर एकच फ्रेम एन्कोड करून बघा, आणि शून्य फ्रेमाही. सुरू करून लगेच बंद केल्यावर कोसळणारी रॅपरं कमी नसतात.

तीच चाचणी १० बिटवर, एमपी४ आणि एमकेव्हीमध्ये, आणि मुद्दाम कोणतेच पर्याय न देताही करा. मग कॉन्फिगरला जीसीसी किंवा क्लँगची अ‍ॅड्रेस सॅनिटायझरची टूलचेन देऊन सगळं पुन्हा चालवा. गळणारी मेमरी आणि सोडून दिल्यावर वापरलेलं बफर तिथे सापडतं. वेळ मोजायची असेल तर अर्थातच साध्या, ऑप्टिमाइझ केलेल्या बिल्डवर.

एफएफएमपेगची स्वतःची चाचणीमाला, फेट, चालवून घ्या म्हणजे दुसरं काही मोडलं नाही हे कळेल. तुमच्या एन्कोडरची चाचणी मात्र तिच्यात जाणार नाही. लायब्ररीच्या प्रत्येक आवृत्तीगणिक बाहेर पडणारे बाइट बदलतात आणि फेट नेमके बाइटच जुळवून बघतं.

पाठवण्यापूर्वी

कोडशिवाय काय काय लागतं: चेंजलॉगमध्ये एक ओळ, एन्कोडरांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये प्रत्येक पर्यायाची माहिती, बाहेरच्या लायब्ररींच्या पानावर ती कुठून घ्यायची हे, लिबएव्हीकोडेकच्या मायनर आवृत्तीत एकाची वाढ, आणि लायब्ररी जीपीएलची असेल तर परवान्याच्या फाइलीत तिचं नाव. सोर्समध्ये टूल्स फोल्डरखाली पॅचेक नावाची स्क्रिप्ट आहे. ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा आणि टॅब ती पकडते. रॅपर आणि दुसरी एखादी दुरुस्ती एकाच कमिटमध्ये कोंबू नका.

तपासणारे बहुधा हे विचारतील: या फॉरमॅटचे एन्कोडर आधीच आहेत, मग हा कशाला? वेग, दर्जा किंवा परवाना यांपैकी जे कारण असेल ते कमिटच्या संदेशातच लिहा. दुसरा प्रश्न असतो, लायब्ररीचा एपीआय स्थिर आहे का. नसेल तर आवृत्ती तपासणाऱ्या अटी रॅपरमध्ये साचत जातात आणि त्या साफ करायचं काम तुमच्याकडे येतं. मेंटेनरांच्या फाइलीत स्वतःचं नाव घालायची तयारी असेल तर तेही त्याच पॅचमध्ये घाला. लायब्ररीने एखादं फील्ड काढलं की पहिली हाक तुम्हालाच येईल.